पडद्यावरचे आकाश आणि तंजावूरच्या बाहुल्या

बालपणी पाहिलेली चित्रे मनुष्य सहसा विसरत नाही. मोठेपणी वाचलेले ग्रंथ विस्मृतीत जातात, परंतु सहाव्या-सातव्या वर्षी मांडी घालून पाहिलेला एखादा खेळ, त्यातील एखादे पात्र, त्याच्या बोलण्याची ढब, ही मनाच्या तळाशी अखेरपर्यंत राहतात. प्रत्येक पिढीचा असा एक पडदा असतो. कुणाचा काचेचा, कुणाचा धोतराच्या शुभ्र कापडाचा. या दोन पडद्यांत वाटते तितके अंतर आहे काय, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

आज सत्तरीच्या आसपास असलेल्या एखाद्या अमेरिकन किंवा जपानी गृहस्थाला त्याच्या बालपणाविषयी विचारले, तर तो बहुधा अवकाशयानांच्या कार्टूनपटांची आठवण सांगेल. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुटनिक पृथ्वीभोवती फिरू लागला आणि मोठ्यांप्रमाणे मुलांचीही दृष्टी आकाशाकडे वळली. त्याच वर्षी अमेरिकेत ‘कर्नल ब्लीप’ ही दूरचित्रवाणीसाठी काढलेली रंगीत अवकाशमालिका सुरू झाली. २३ सप्टेंबर १९६२ पासून ‘द जेट्सन्स’ दिसू लागली. एकविसाव्या शतकातील हे एक सुखवस्तू कुटुंब. उडती मोटार, घरकाम करणारी यंत्रदासी आणि समोरच्याचा चेहरा दाखविणारा दूरध्वनी हा त्यांचा रोजचा संसार. या मालिकेचे प्रारंभी अवघे २४ भाग निघाले. परंतु तेच भाग पुढे वर्षानुवर्षे शनिवारी सकाळी दाखविले गेले आणि मुलांना ते तोंडपाठ झाले. १ जानेवारी १९६३ रोजी जपानात ओसामू तेझुका यांचा यंत्रबालक ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ अवतरला. इंग्लंडमध्ये त्याच सुमारास ‘फायरबॉल एक्सएल-५’ नावाचे अवकाशयान उडत होते, आणि त्याचे सारे प्रवासी दोऱ्यांनी हलविलेल्या बाहुल्या होत्या.

या मालिकांतील काही भाकिते खरी ठरली, काही ठरली नाहीत. चेहरा दाखविणारा दूरध्वनी आज खेड्यापाड्यांत पोहोचला आहे. उडती मोटार मात्र अद्याप कुणाच्या अंगणात उतरलेली नाही. तथापि वृद्ध प्रेक्षकांना या चित्रांची ओढ वाटते ती भाकितांसाठी नव्हे. पुढचा काळ चांगलाच असणार, ही त्या चित्रांतील निःशंक खात्री त्यांना आठवते. ती पुन्हा कुठे मिळत नाही.

तंजावूरचे मूल त्या वेळी काय पाहत होते?

आपल्या देशात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस झाला, तोही प्रायोगिक स्वरूपात. मुंबईस ती १९७२ मध्ये आणि मद्रासला १९७५ मध्ये पोहोचली. येथे एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. अमेरिकेतील मुलांनी दूरचित्रवाणीवर अवकाश पाहिले. आपल्या खेड्यांतील मुलांनी प्रथम अवकाशातून दूरचित्रवाणी पाहिली. १९७५-७६ या वर्षभरात ‘साइट’ या प्रयोगात उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना कार्यक्रम दाखविण्यात आले, आणि त्यांत मुलांसाठी खास पाठ होते. तमिळनाडू मात्र त्या सहा राज्यांत नव्हते.

मग जेट्सन्स कुटुंब आकाशात विहरत होते, तेव्हा कावेरीकाठच्या तंजावूरात मुलांच्या वाट्यास काय होते? हातात ‘अंबुलिमामा’ होता. मद्रासहून निघणारे हे तमिळ मासिक १९४७ पासून चालू होते आणि त्याचेच मराठी भावंड ‘चांदोबा’ १९५२ पासून निघत होते. तंजावूरच्या मराठी घरांत तमिळ आणि मराठी या दोन्ही भाषा नांदत असल्यामुळे तेथील मुलाला चंद्र एका भाषेत मामा आणि दुसऱ्या भाषेत चांदोबा म्हणून भेटत असे. खेळावयास मान डोलाविणारी तंजावुरी बाहुली होती. तिची दुसरी जात बुडाशी गोल आणि जड असते. कितीही ढकलली तरी ती पुन्हा उभी राहते. गुरुत्वमध्य म्हणजे काय, हे मुलाला शाळेपूर्वीच तिच्याकडून कळत असे. आणि गावात कधी खेळ्यांची गाडी आली, तर रात्री एक पांढरा पडदा उभा राही.

चामड्यातून उमटणारे रंग

या खेळाला तमिळमध्ये ‘तोल्पावैकूत्तु’ म्हणतात. अर्थ, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ. बकऱ्याचे कातडे स्वच्छ करून, ताणून, वाळवून पारदर्शकप्राय करतात. त्यावर आकृती रेखून कापतात, रंग भरतात आणि दागिन्यांच्या जागी बारीक छिद्रे पाडतात. मागे दिवा लागला की रंग पडद्यावर उमटतात आणि छिद्रांतून आलेला प्रकाश माणकामोत्यांसारखा चमकतो. पूर्वी तेलाचा दिवा असे, पुढे विजेचा आला. पडद्यामागे बसलेला सूत्रधार एकटाच राम, रावण, सीता आणि मारुती यांचे आवाज काढतो. घरातील माणसे, स्त्रियांसुद्धा, गाणे आणि वाद्ये सांभाळतात. रामायण अनेक रात्री चालते. मधूनमधून उच्चिकुडुंबन आणि उळुवत्तलैयन हे दोन विदूषक येऊन गावातल्या गोष्टींवर बोलतात आणि पेंगुळलेली मुले खडबडून जागी होतात.

मराठी वाचकास सर्वांत नवल वाटावे अशी गोष्ट पुढेच आहे. हा खेळ करणारी मंडिकर घराणी पडद्यावर तमिळ बोलतात आणि घरी मराठी बोलतात. त्यांच्या मराठीत तमिळ शब्द मिसळले आहेत, ती लिहिली जात नाही; तरी ती मराठीच आहे. अनेकांच्या नावापुढे ‘राव’ असते. व्यंकोजीराजांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावूरात मराठी राज्य स्थापिले, त्या राज्याच्या आश्रयाने आपले पूर्वज दक्षिणेत आले आणि १८५५ मध्ये ते राज्य लयास गेल्यावर पोटासाठी मदुरा, तिरुनेलवेली, कन्याकुमारीकडे पांगले, असे त्यांची परंपरा सांगते. कर्नाटक आणि आंध्रातील चामडी बाहुल्यांच्या अनेक घराण्यांतही मराठीची अशीच बोली जिवंत राहिली आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांपासून कन्याकुमारीपर्यंत पडद्यांची ही एक लांबलचक रांगच आहे, आणि तिच्यामागून मराठी ऐकू येते.

थोडे हालविणे, पुष्कळ दाखविणे

आता त्या काचेच्या पडद्याकडे पुन्हा वळू. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे सरकतात. प्रत्येक हालचालीसाठी निराळे चित्र काढावयाचे म्हटले तर खर्चास पारावार राहत नाही. दूरचित्रवाणीजवळ तेवढा पैसाही नव्हता आणि वेळही नव्हता. म्हणून अमेरिकेत हॅना आणि बार्बेरा यांनी आणि जपानात तेझुका यांनी काटकसरीची रीत पत्करली. धड स्थिर ठेवावयाचे, केवळ ओठ किंवा हात हलवावयाचा. धावण्याचे एकच चित्रचक्र पुनःपुन्हा वापरावयाचे. पात्राऐवजी पाठीमागचा देखावा सरकवावयाचा. उरलेले काम आवाजाने आणि पाहणाऱ्याच्या कल्पनेने करावयाचे.

तंजावूरकडच्या सूत्रधाराला ही काटकसर शिकविण्याची आवश्यकता नव्हती. त्याच्या बाहुल्यांत पुष्कळदा एखादाच हात सांध्यावर हलतो. बाकीची आकृती तशीच राहते. आसनस्थ रामासाठी एक बाहुली, युद्धातील रामासाठी दुसरी. मारुतीने समुद्र ओलांडला हे दाखविताना चामड्याचा एक तुकडा पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जातो, एवढेच प्रत्यक्षात घडते. पण आवाज चढतो, मृदंग घुमतो आणि समोर बसलेल्या मुलास खाली खवळलेला सागर दिसू लागतो. पडद्यावर जे नसते ते मुलाने स्वतः निर्माण केलेले असते, म्हणूनच ते त्याचे होते आणि जन्मभर टिकते. अवकाशयानांच्या त्या कार्टूनपटांविषयीच्या ओढीचे रहस्यही मला वाटते हेच असावे.

कळसूत्री बाहुल्यांच्या बाबतीतही असेच साम्य आढळते. तंजावूर आणि कुंभकोणम परिसरातील ‘बोम्मलाट्टम’च्या लाकडी बाहुल्या भारतातील पारंपरिक बाहुल्यांत सर्वांत मोठ्या आणि जड गणल्या जातात, उंची साडेचार फुटांपर्यंत आणि वजन दहा किलोपर्यंत. त्यांच्या दोऱ्या सूत्रधाराच्या मस्तकावरील लोखंडी कड्याला बांधलेल्या असतात आणि हात काठ्यांनी हलविले जातात. सूत्रधाराने मान वळविली की बाहुलीही वळते. इंग्लंडमधील अवकाशवीर बाहुल्यांच्या डोक्यांत विजेची यंत्रणा बसवून त्यांचे ओठ संवादाबरोबर हलविले जात. साधने निराळी, परंतु निर्जीवाला सजीव भासविण्याची धडपड एकच.

जग दाखविणारी कोरवंजी

खेळातून मुलांना आणि मोठ्यांना दूरचे जग दाखवावे, ही कल्पना तंजावूरला नवी नव्हती. दुसरे सरफोजी राजे (१७९८-१८३२) विद्याव्यासंगी होते. त्यांच्या छापखान्यात १८०६ मध्ये इसापाच्या कथांचे ‘बालबोधमुक्तावली’ हे मराठी पुस्तक छापले गेले. मराठी बालवाङ्मयाचा इतिहास येथूनच सांगितला जातो. त्याच राजांनी ‘देवेंद्र कोरवंजी’ हे मराठी नाटक रचले. भविष्य सांगणारी कोरवंजी दक्षिणेतील नाटकांत आपल्या डोंगरांची आणि नद्यांची नावे गाऊन सांगते, ही रूढी होती. सरफोजींची कोरवंजी मात्र पृथ्वीवरील खंडे, देश आणि नगरे यांचे वर्णन करते. जुन्या पात्राच्या मुखी नवे भूगोलज्ञान घातले आणि कुणास ते परके वाटले नाही.

ही परंपरा अगदीच थांबलेली नाही. नवरात्रात तमिळनाडूतील घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्यांचा ‘कोलू’ मांडतात. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. त्या मोहिमेचे प्रकल्प-संचालक पी. वीरमुत्तुवेल हे तमिळनाडूतील विळुपुरमचेच. त्यानंतर कोलूच्या पायरीवर देवतांच्या शेजारी चांद्रयानाचा देखावा मांडण्याची हौसही दिसू लागली.

जे हातचे जाऊ शकते

शासनाने चामडी बाहुल्यांच्या कलावंतांचा गौरव केला आहे. आंध्रचे दलवाई चलपती राव यांना २०२० मध्ये, पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये आणि कर्नाटकातील वृद्ध कलावती भीमव्वा शिळ्ळेक्यातर यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. परंतु पदकाने पडदा उभा राहत नाही. त्यासाठी पुढे बसणारी मुले लागतात. दहा रात्री रामायण ऐकण्याची सवड आता गावांना नाही. खेळ तासाभराचा झाला, बोलावणी विरळ झाली आणि कलावंतांची मुले दुसऱ्या व्यवसायांकडे वळली. त्यांना दोष देता येणार नाही.

‘जेट्सन्स’चे भाग फितींवर आणि तबकड्यांवर सुरक्षित आहेत, ज्याला आठवण येईल त्याने ते हवे तेव्हा पाहावेत. सूत्रधाराच्या कंठातील रामायणाची मात्र दुसरी प्रत नसते. त्याच्याबरोबर त्याच्या घरातील, अडीच-तीनशे वर्षे परमुलखात टिकलेली मराठीही मौन होण्याचा संभव आहे. ती ध्वनिमुद्रित करून ठेवणे हे विद्यापीठांचे काम. पण एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनात, एखाद्या मंडळाच्या उत्सवात या खेळाला एका रात्रीचे बोलावणे देणे हे आपणासारख्या कुटुंबांनाही शक्य आहे. दक्षिणेत प्रवासास जाणाऱ्यांनी तंजावूरचे बृहदीश्वर मंदिर आणि सरस्वती महाल ग्रंथालय अवश्य पाहावे. आणि जवळपास कुठे खेळ आहे काय, याचीही चौकशी करावी. मुलांना बरोबर न्यावे आणि पुढच्या ओळीत बसवावे. पडद्यामागे दिवा लागेल, मारुती झेप घेईल, आणि खेळ संपल्यावर सूत्रधाराशी मराठीतून चार शब्द बोलता येतील.