ठिपक्यांचा भुंगेरा आणि काडीकिडा

आपल्याकडच्या कोरड्या रानात अँथिया सेक्सगट्टाटा नावाचा भुंगेरा जमिनीवर हिंडतो. काळाकुट्ट, चांगला चार सेंटिमीटर लांब, पाठीवर सहा पांढरे ठिपके. हा कॅराबिडी कुळातला शिकारी. त्याला लपायची गरज वाटत नाही. छेडले की पोटाच्या टोकाजवळच्या ग्रंथींतून तो फॉर्मिक आम्लाची पिचकारी मारतो, आणि ती डोळ्यांत गेली तर माणसालाही महागात पडते. ठिपके म्हणजे त्या पिचकारीची आगाऊ सूचना. डॉमिनो झुरळ याच ठिपक्यांची नक्कल करते असे मानतात. म्हणजे आम्ल बनवण्याचा खर्च नाही, धाक तेवढा उसना!

काडीकिड्याचे सगळेच उलटे. तमिळनाडूतला कॅरॉसियस मोरोसस घ्या. युरोपातल्या प्रयोगशाळांत तो शंभर वर्षांहून अधिक काळ पाळला जातो. दिवसा पाय शरीराला समांतर ताणून निपचित पडायचे, रात्री पाने खायची. त्याच्या चालीवर बरेच संशोधन झाले आहे. सहा पायांना हुकूम देणारा एकच अधिकारी मेंदूत बसलेला नसतो. प्रत्येक पाय शेजारच्या पायांचा अंदाज घेत बराचसा स्वतःच चालतो. सहा पायांचे यंत्रमानव बनवणाऱ्यांनी हीच युक्ती उचलली. पिल्लाचा पाय तुटला तर पुढच्या काती टाकताना तो पुन्हा उगवतो.

नर क्वचितच आढळतात. मादी नराविना अंडी घालते आणि त्यांतून माद्याच निघतात. अंडी बियांसारखी दिसतात, टोकाला छोटी गाठ. काही जातींच्या काडीकिड्यांची अशी अंडी मुंग्या बी समजून वारुळात नेतात, गाठ खातात आणि अंडे तसेच सोडतात. भुंगेऱ्याला मात्र अळी आणि कोष या अवस्थांतून जावे लागते. काडीकिड्याचे पिल्लू जन्मतःच छोटी काडी असते.

एका बाबतीत हे दोघे सारखे आहेत: उडता दोघांनाही येत नाही. रान तुकड्यांत तुटले, मधे रस्ता किंवा नांगरलेले शेत आले, की पाखरू ओलांडते ते अंतर यांना पायी काटावे लागते. वणव्यात भुंगेरा निदान धावू शकतो, एखादी भेग गाठू शकतो. काडीकिड्याचे निपचित पडणे पक्ष्याला फसवते, आगीला नाही. त्याची जमिनीवर पडलेली अंडी फुटायला कित्येक महिने लागतात, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात आधी पेटतो तो नेमका पाचोळाच.