सांगोल्याचा करार आणि मराठ्यांची यादवी

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यात १७५० साली मराठ्यांच्या यादवीतला निर्णायक करार झाला. यादवी पेटली १७०७ मध्ये. मुघलांच्या कैदेतून सुटलेले शाहू महाराज आणि महाराणी ताराबाई यांच्या फौजा खेडला भिडल्या. सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले. राज्याची वाटणी थेट १७३१ च्या वारणेच्या तहात ठरली. मधल्या काळात कित्येक वतनदारांनी दोन्ही गाद्यांशी संधान ठेवलं. त्यांच्या सनदा मला बखरींपेक्षा मोलाच्या वाटतात: बखर मागाहून लिहिली जाते, सनदेवर मात्र त्या काळाचाच शिक्का असतो. सांगोल्यात शाहूंनंतर गादीवर आलेल्या रामराजांनी कारभार पेशव्यांकडे सोपवला; त्याच वर्षी ताराबाईंनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं. या काळाची पत्रं गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांत वाचायला मिळतात.