आरसा आणि चटई

दीड वर्षाच्या मुलाला ‘मी’ कळतो का, हे त्यालाच विचारून उपयोग नाही. बोलणं अजून पुरतं आलेलं नसतं. म्हणून अमेरिकेत ब्यूला अ‍ॅम्स्टरडॅम यांनी आरसा वापरला. १९७२ साली त्यांचं हे काम प्रसिद्ध झालं. मुलाच्या नाकावर नकळत लाल ठिपका लावायचा आणि त्याला आरशासमोर सोडायचं. वर्षाच्या आसपासचं मूल आरशातल्या मुलाकडे बघून हसतं, त्याला धरू पाहतं, मागे कोण आहे म्हणून डोकावतं. पुढे दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान कधीतरी त्याचा हात आरशाऐवजी स्वतःच्या नाकाकडे जातो.

हात गेला तर उत्तर मिळालं. पण नाही गेला तर? खरी गुंतागुंत इथेच आहे. २०११ च्या एका अभ्यासात टान्या ब्रोश आणि सहकाऱ्यांनी केनियातल्या ८२ मुलांच्या कपाळावर अशी खूण केली. त्यांत सहा वर्षांपर्यंतची मुलं होती, तरी खुणेला हात लावला तो फक्त दोघांनी. बाकीची बहुतेक आरशासमोर स्तब्ध उभी राहिली. सहा वर्षांच्या मुलाला स्वतःची ओळख नसते, हे मला पटणं शक्य नाही. चेहऱ्यावरचा डाग काढायचाच असतो, हे गृहीतक मुळात परीक्षकाचं. आपल्याकडची बाळं तर तीट लावूनच वावरतात.

जर्मनीच्या हायडी केलर यांनी तान्ह्या वयापासूनच्या संगोपनाकडे पाहिलं. अथेन्सच्या मध्यमवर्गीय आया बाळाशी समोरासमोर, नजरेला नजर देऊन खेळत. कॅमेरूनमधल्या न्सो शेतकरी आया बाळाला अंगाशी धरत, हातापायांना व्यायाम देत. दीड वर्षाची झाल्यावर ग्रीक मुलं आरशात स्वतःला जास्त प्रमाणात ओळखत होती. न्सो मुलं मात्र आईचं सांगणं ऐकून स्वतःला आवरण्यात कितीतरी पुढे होती. हे आवरणंही स्वतःची जाणीवच आहे, आणि आरशात ती दिसत नाही.

मग ती पाहायची कशी? जोसेफिन रॉस यांच्या २०१७ च्या अभ्यासातली युक्ती मला फार आवडते. मुलाला चटईवर उभं करायचं आणि म्हणायचं, ‘ही चटई उचलून आईला दे.’ मूल वाकतं, ओढतं, चटई हलत नाही. आपलंच वजन तिच्यावर आहे हे ध्यानात आलं, तर ते बाजूला होतं आणि चटई उचलतं. पंधरा ते अठरा महिन्यांच्या मुलांत स्कॉटलंडची मुलं आरशाच्या कसोटीत सरस ठरली, झांबियाची चटईच्या.