मानेतल्या रक्तवाहिन्यांचा एमआरआय : चित्र स्पष्ट कसे मिळते?

१८८८ साली महात्मा जोतीराव फुले यांना पक्षाघात झाला. उजवा हात निकामी झाला, तरी त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून काढले. जयंतीच्या भाषणांत आपण हे अभिमानाने सांगतो. पक्षाघात कशाने होतो, हे मात्र क्वचितच सांगतो.

त्याचे एक मोठे कारण मानेत असते. मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन कॅरोटिड धमन्यांत चरबीचा थर साचतो, वाट अरुंद होते आणि तिथून सुटलेली गुठळी मेंदूत जाऊन अडकते. फुल्यांच्या काळी जिवंत माणसाच्या मानेत डोकावण्याचे साधनच नव्हते. आज एमआरआय आहे. पण मान ही चित्र घ्यायला अवघड जागा. धमनी जेमतेम अर्धा सेंटिमीटर रुंद, त्यात रुग्ण गिळतो, खोकतो, श्वास घेतो.

नेहमीच्या पद्धतीत औषध टोचावे लागत नाही. रेडिओ लहरींच्या सततच्या माऱ्याने स्थिर मांस फिके पडते, तर हृदयाकडून नव्याने आलेले रक्त उजळ दिसते. खोट इथेच आहे. अरुंद जागी रक्त भोवऱ्यासारखे फिरते, उजेड हरवतो आणि धमनी आहे त्यापेक्षा जास्त बंद वाटते. हा फरक किरकोळ नाही. १९९१ साली उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, लक्षणे दिसलेल्या आणि धमनी ७० टक्के किंवा अधिक अरुंद असलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेचा स्पष्ट फायदा दिसला होता. म्हणजे चित्र फसले, तर निर्णयही फसू शकतो.

म्हणून शंका असेल तिथे हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचे औषध देऊन चित्र घेतात. वेळ अचूक साधावी लागते. काही सेकंद उशीर झाला की परतीच्या शिराही उजळतात आणि धमनी झाकली जाते. मूत्रपिंड निकामी असलेल्यांनी हे औषध घेण्याआधी डॉक्टरांना तसे सांगितलेच पाहिजे. दुसरा उपाय आम्हाला अधिक मोलाचा वाटतो : रक्त काळे ठेवून धमनीची भिंतच पाहणे. थरात रक्तस्राव झाला असेल तर तो यात दिसतो. अशा थराचा धोका नुसत्या अरुंदपणावरून कळत नाही.

मानेलगत बसवलेली खास कॉइलही चित्र सुधारते. रुग्णाच्या हातात एवढेच असते, की चित्र घेताना हलू नये, शक्यतो गिळू नये. रुग्णसेवेत असलेल्या कार्यकर्त्यांनी हे त्याला आधीच समजावावे. पेसमेकर किंवा शरीरात धातू असल्यास तेही आधीच कळवावे.

अचानक तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर दहा मिनिटांत बरे वाटले तरी रुग्णालय गाठा. तिथे बहुधा आधी मेंदूचा सीटी स्कॅन होतो.