विडीचं पान कुणाचं?

सोलापूरच्या भवानी पेठेत विड्या वळणाऱ्या घरांतून तेंदूची पानं सुपात दिसतात. तेंदू म्हणजे आपली टेंभुर्णी. टेंभुर्णी गाव मुलांना ठाऊक असतं, झाड मात्र नसतं!

पान चांगलं म्हणजे कोवळं, रुंद, लवचीक. अशी पानं नव्या फुटव्यांना येतात. म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला झुडपं छाटतात, काही ठिकाणी जमिनीवरचा पालापाचोळाच पेटवतात. फुटवे जोमानं येतात खरे, पण त्या आगीत इतर झाडांची रोपंही जळतात. जंगल सरकारचं, पानं ठेकेदाराची आणि मजुरी पुड्यांवर. मग आग विझवायला कोण धावणार?

२००६च्या वनहक्क कायद्यानं हे गणित बदलता येतं. बांबू, तेंदू यांसारख्या गौण वनोपजावर गावाची मालकी आणि सामूहिक जंगल राखण्याचा अधिकारही. आमच्या मते दुसरा भाग जास्त महत्त्वाचा.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ साली सुमारे हजार हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. गाव बांबू स्वतः विकू लागलं. तेंदूपानं तोडणं मात्र ग्रामसभेनं बंद केलं. हातचे पैसे सोडून! छाटणी आणि आग थांबली की टेंभुर्णीला फळं धरतात; ती माणसं खातात, पाखरंही.

सगळ्यांना हे परवडत नाही. गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा पानं तोडतात, पण लिलाव स्वतः करतात. भवानी पेठेतल्या सुपात त्यांचंही पान असू शकेल. पाचगावसारखं सगळ्यांनीच ठरवलं, तर या घरांतल्या बायांनी काय वळायचं, हेही वर्गात विचारायला हवं.