आकाशांतील गायरान आणि शेतांत पडणारा कचरा

पांचगणीच्या टेबललँडवरून सायंकाळीं कधीं कधीं दिव्यांची एक माळ आकाशांत सरकतांना दिसते. ते तारे नव्हेत. अमेरिकेंतील स्पेसएक्स या खासगी कंपनीनें नुकतेच सोडलेले कृत्रिम उपग्रह होत. मे २०१९ मध्यें या कंपनीनें असे साठ उपग्रह एकदम सोडले; आज त्यांची संख्या सात हजारांहून अधिक आहे. सुमारें ५५० किलोमीटर उंचीवरून, ताशीं सुमारें २७,००० किलोमीटर वेगानें ते पृथ्वीप्रदक्षिणा करितात. दुर्गम गांवीं इंटरनेट पोंचविणें, पिकांची पाहणी करणें, असे अशा उपग्रहांचे उपयोग आहेत. ते निरुपयोगी आहेत असें आम्ही म्हणत नाहीं.

परंतु गांवच्या गायरानाची जी गत, तीच या कक्षेची होत आहे. गुरें सोडणारे पुष्कळ, राखणारा कोणी नाहीं. बंद पडलेले उपग्रह व रॉकेटचे रिकामे टप्पे तेथेंच फिरत राहतात. दहा सेंटिमीटरांहून मोठे असे तीस हजारांवर तुकडे तेथें आहेत. बारीक तर लाखों. १० फेब्रुवारी २००९ रोजीं आयरिडियम कंपनीचा चालू उपग्रह व रशियाचा बंद पडलेला उपग्रह सुमारें ७९० किलोमीटर उंचीवर एकमेकांवर आदळले आणि दोन हजारांवर नवे तुकडे झाले. इतक्या उंचीवरील कचरा खालीं यावयास अनेक दशकें लागतात. खालच्या कक्षेंतील वस्तु विरळ हवेच्या घर्षणानें कांहीं वर्षांत उतरते व बहुतेक जळून जाते. जाड भाग मात्र जमिनीवर पडतात.

हें दूरचें संकट नव्हे. २ एप्रिल २०२२ रोजीं, गुढीपाडव्याच्या सायंकाळीं, चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यांत लाडबोरी गांवीं सुमारें तीन मीटर व्यासाचें धातूचें कडें आकाशांतून पडलें. जाणकारांच्या मतें तो चीनच्या रॉकेटचा भाग होता. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं.

अशा हानीची भरपाई कोणी करावी? १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वयें, वस्तु सोडणारा देश जमिनीवरील नुकसानीस जबाबदार असतो. त्याचा दोष सिद्ध करावा लागत नाहीं. कंपनी खासगी असली तरी दायित्व तिच्या सरकारावरच येतें. १९७८ मध्यें रशियाचा उपग्रह कॅनडांत पडला, तेव्हां १९८१ मध्यें त्या देशास तीस लाख डॉलर मिळाले. हिंदुस्थानही या करारांत सामील आहे. मागणी मात्र आपल्या सरकारमार्फत व एक वर्षाच्या मुदतींत करावी लागते.

अमेरिकेनें २०२२ मध्यें नियम केला कीं, काम संपल्यावर पांच वर्षांत उपग्रह खालीं आणावा. २०३० पर्यंत आपल्या मोहिमा कचरामुक्त करण्याचा संकल्प इस्रोनेंही केला आहे. ज्याचीं गुरें त्यानें तीं सांजेस घरीं आणावीं, हाच यांतील न्याय होय.

तोंवर शेतकरी बंधूंनीं इतकें ध्यानांत ठेवावें. अशी वस्तु शेतांत आढळल्यास तिला हात लावूं नये. टाक्यांत विषारी इंधन असूं शकतें. ती भंगारांतही विकूं नये, कारण तिची मालकी सोडणाऱ्याचीच राहते. पोलीस पाटील व तलाठी यांस ताबडतोब वर्दी द्यावी; गट क्रमांक, पीक, क्षेत्र व हानि लिहवून, छायाचित्रांसह पंचनामा करवावा व त्याची नक्कल घ्यावी. महसुली कामाचा आमचा अनुभव असा कीं, ज्या हानीचा कागद नाहीं, ती झालीच नाहीं असें दप्तरांत ठरतें.