आम्लाने घडणारे स्फटिक

आम्ल म्हणजे पदार्थ खाऊन टाकणारे रसायन, असा सर्वसाधारण समज आहे. पोटॅशियम, कॅल्शियम व नायोबियम यांचे थरयुक्त पेरॉव्हस्काइट ऑक्साइड मात्र त्याला अपवाद ठरते. त्याची पूड नायट्रिक आम्लात ढवळत ठेवली, की थरांमधील पोटॅशियम निघून जाते आणि त्याची जागा हायड्रोजनचे आयन, म्हणजेच प्रोटॉन घेतात. कॅल्शियम-नायोबियमचे थर अभंग राहतात.

हे प्रोटॉनयुक्त संयुग थेट भट्टीत घडवता येत नाही. तीव्र उष्णतेने प्रोटॉन थरांतील ऑक्सिजनसह पाण्याच्या रूपाने निघून जातात. म्हणूनच आम्लाचा हा सौम्य मार्ग मोलाचा. अतिनील प्रकाशात पाणी व मिथेनॉलच्या मिश्रणातून हायड्रोजन मुक्त करण्याचे काम मूळ ऑक्साइड मंदपणे करते. प्रोटॉन आल्यावर तेच काम कितीतरी वेगाने होते.